शालूची तूळ

शेकोटी जरा अंगाकडं ओढा आणि मधून कुणी उठू नका. ज्याला बांधाकडं जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं, नंतर एकट्याचा पाय उचलणार नाही. हसा, हसून घ्या. गोष्ट ऐकीव आहे हे कबूल, पण ज्याच्यावर गुदरली त्याच्याच तोंडून ऐकलेली आहे, आणि पंजाबराव काही तिखटमीठ लावून सांगणारा माणूस नव्हता. चार वाक्यं बोलायची असली तर त्यातली तीन गिळायचा.

डोणगावचा हा पंजाबराव. घरची शेती बरी, बैलजोडी चांगली, अंगानं धिप्पाड. दिवस लढाईचे होते. वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा, पण घासलेट काही कुठूनच चालत यायचं नाही. कंदिलात दोन बोटं तेल असलं की माणूस मिशीला पीळ द्यायचा. पौष वद्य चतुर्दशी होती, सोमवार. दुपारची जेवणं झाल्यावर पंजाबरावानं बैलगाडी जुंपली, तीत कडबा अंथरला आणि पाच वर्षांच्या लेकीला, शालूला, घेऊन तो उमाळेश्वराला निघाला.

उमाळेश्वर म्हणजे डोंगराच्या पोटातल्या दरीत बसलेलं जुनं देऊळ. काळा दगड, दगडावर दगड चढवलेला, मधे चुन्याचा कण नाही. देवळाखाली पायऱ्यांची खोल विहीर, म्हणजे बारव. बाजूला पडक्या खांबांचा मठ. आणि वाटेवर वीरगळांची रांग. गावाचं गोधन राखताना पडलेल्या माणसांचे ते दगड, खाली गाई कोरलेल्या आणि वर शंकराच्या पिंडीपाशी हात जोडून बसलेला तो मेलेला वीर. कधीमधी कुणी साहेब येऊन खांबांना टेप लावून मापं घेऊन जाई. एरवी तिथं माणूस जाई ते नवसापुरतं.

पंजाबरावही नवस फेडायलाच चालला होता, पण नवस त्याचा नव्हता. शालू जन्मली ती मुठीएवढी. तेव्हा तिच्या आईनं, मनकर्णानं, उमाळेश्वराला पदर पसरला होता की पोरगी जगली तर तिला गुळानं तोलीन. पोरगी जगली. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्षं गेली, आणि भादव्यात मनकर्णाच हिवतापानं गेली. पाठोपाठ तोच ताप पोरीला लागला. एक दिवस आड थंडी भरून यायची, दात वाजायचे, मग अंगाची भट्टी. पोस्टातून क्विनीनच्या पुड्या आणून झाल्या, झाडपाला झाला, अंगारे झाले. चार महिने पंजाबरावानं धड पाठ टेकली नव्हती. दिवसा शेत, रात्री पोर. नांगर धरला की डोळा लागायचा आणि अंथरुणावर पडला की उघडा राहायचा, असलं त्याचं झालं होतं.

आणि त्याच दिवशी निघायचं कारण काय, तर त्या देवळाचा एक नेम. लेकराची तूळ करायची ती दुधाचा पहिला दात पडायच्या आत. दात पडला की ते लेकरू आईच्या नवसातून सुटलं. मग देव त्याला ओळखत नाही म्हणत, आणि तसाच राहिलेला नवस त्या लेकराच्याच जिवावर फिरतो म्हणत. शालूचा पुढचा दात आठवडाभर हलत होता. त्या सकाळी तो नुसता लोंबायला लागला.

पंजाबरावाची थोरली बहीण सोजराबाई घर सांभाळायला येऊन राहिली होती. तिचे गुडघे धरलेले, तिला गाडीत चढवेना. तिनं नवीन शिवलेल्या गोधडीत पोर गुंडाळून भावाच्या हातात दिली.

"हे अंगावरून काढू नको बरं," ती म्हणाली. "दरीत थंडी लय राह्यते."

गूळ गफ्फारभाईच्या दुकानातून घेतला. गफ्फारभाईनं पोरीला गोधडीसकट दोन्ही हातांवर उचललं, अंदाज घेतला आणि त्याचं तोंड उतरलं.

"पोरगी तं निव्वळ फूल होऊन राह्यली, पंजाबराव," तो म्हणाला. पोत्यात तो गुळाच्या भेल्या टाकतच राहिला. "एवढ्यात दोन शालू तुलतीन. असू द्या. उरला तं वापस आणा, नाही उरला तं देवाले माह्या नावानं सांगा."

वाटेत पोरीला थंडी भरली. गाडी चालवावी तर हिसक्यांनी पोर कण्हायची, म्हणून पंजाबरावानं बाभळीखाली बैल सोडले आणि तिला पोटाशी धरून बसला. थंडी जाऊन ताप चढेस्तोवर ऊन डोंगराच्या पलीकडं गेलं होतं. परत फिरावं असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात पोरीनं झोपेत जीभ फिरवली आणि तो दात आडवा झालेला त्याला दिसला. त्यानं बैल पुन्हा जुंपले.

दरीच्या तोंडाशी गुरवाचं घर होतं. तुळशीराम गुरव, म्हातारा, एकटा राहणारा. तो दार लावायच्या बेतात होता.

"भाऊ, हे काय येण्याची वेळ झाली?" तो म्हणाला. "रातच्यानं तूळ करत नाही आम्ही. सकाळी करू."

पंजाबरावानं गाडीचा कंदील पोरीच्या तोंडाशी नेला. तुळशीरामानं दात पाहिला, मग पंजाबरावाच्या डोळ्यांकडं पाहिलं.

"किती दिसांचे झोपले नाही तुम्ही?"

"आता काय मोजायचं, बुवा."

"चला," गुरव म्हणाला. "पण रीत सोडता येत नाही. आधी बारव, मंग वीरगळ, मंग प्रदक्षिणा, मंग तूळ. पोरीले खाली ठेवू नका."

गाडी गुरवाच्या दारात सोडली. पुढं कंदील घेऊन गुरव, मागं गुळाचं पोतं पाठीवर आणि पोर खांद्यावर घेऊन पंजाबराव. बारवेच्या पायऱ्या तो भिंतीला खांदा घासत एकेक करून उतरला. पाणी काळं, हललेलं नाही. गुरवानं ओंजळभर पाणी पोरीच्या पायांवर सोडलं, कपाळाला लावलं. आता हे ओझं घेऊन पुन्हा चढायचं या विचारानंच पंजाबरावाला रडू यायला लागलं होतं. थकलेल्या माणसाला पायरीचाही राग येतो.

पण चढताना त्रास झाला नाही. निम्म्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, खांदा दुखायचा थांबलाय. पोर हलकी झाली होती. जणू खालून कुणी हात लावला होता. देव मदत करतो ते असंच करत असेल, असं त्याला वाटलं, आणि बरंही वाटलं.

वीरगळांना हात जोडून झाले. मग प्रदक्षिणा. तुम्हाला ठाऊक आहे, शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते. पिंडीवरचं पाणी ज्या गोमुखातून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं मागं फिरायचं. ती धार ओलांडायची नाही. लहान पोरालाही हे माहीत असतं. दोघं गोमुखापर्यंत गेले आणि फिरले.

तेव्हा ते पहिल्यांदा ऐकू आलं.

दगडी फरशीवर जोडवी वाजावीत, तसं. पायातली जोडवी. बाई चालते तेव्हा वाजतात ती. एक पाऊल... दुसरं पाऊल... गोमुखाच्या पलीकडून. जिथं कुणी जात नाही त्या बाजूनं.

गुरवानं कंदील वर धरला. पलीकडं भिंत होती, भिंतीवरच्या मूर्ती होत्या. त्यानं कंदील खाली घेतला.

"कोणी आलं काय संगं तुमच्या?"

"नाही जी."

"बरं," गुरव म्हणाला, आणि त्यानंतर तो भरभर चालायला लागला.

मंडपात दोन खांबांच्या मधे लाकडी तुळई टाकलेली होती. तिला लोखंडी आकड्यात मोठा तराजू टांगलेला, दोरांना फळ्यांची पारडी. गुरवानं गाभाऱ्यात समई लावली, मंत्र पुटपुटला. पंजाबरावानं शालूला गोधडीसकट डाव्या पारड्यात बसवलं. तिला ग्लानी होती, ती तशीच दोराला टेकली. पारडं खाली गेलं आणि फरशीला टेकलं.

"टाका गूळ," गुरव म्हणाला.

पंजाबराव एकेक भेली उजव्या पारड्यात ठेवू लागला. गफ्फारभाईच्या हिशेबानं निम्म्या पोत्यात काम व्हायला हवं होतं. निम्मं पोतं संपलं. पारडं हललं नाही. आणखी भेल्या गेल्या. दोर ताणले, तुळई करकरली. पोरीचं पारडं फरशीवरच. पोत्याच्या तळाशी हात गेला. शेवटची भेली त्यानं ढिगावर ठेवली आणि पोतं झटकलं. त्यातून गुळाची भुकटी पडली फक्त.

पारडं फरशीवरच.

"आकडा अडकला असंन," पंजाबराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

गुरवानं आकडा पाहिला. मोकळा होता. दोर पाहिले. मोकळे होते. मग तो वाकला, पोरीच्या पारड्याखाली बोटं घालून त्यानं ते उचलायचा प्रयत्न केला. उचललं नाही. पंजाबरावानं हात लावला. अडीच मणांचं पोतं पाठीवर मारणारा गडी तो. त्याच्याही बोटांनी फळी हलली नाही.

पोर झोपली होती. श्वास चालू होता. हळू.

गुरव सरळ झाला. त्यानं कंदील पोरीच्या जवळ नेला आणि बराच वेळ गोधडी निरखत राहिला.

"हे गोधडी कोणं शिवली, भाऊ?"

"माह्या बहिणीनं."

"कायची?"

पंजाबरावाची नजर गोधडीच्या ठिगळांवर गेली.

"भाऊ... कायची शिवली?"

"तिच्या आईच्या लुगड्यांची," पंजाबराव म्हणाला. "मनकर्णाच्या."

समईची वात चरचरली. गुरव तिथंच खांबाला टेकला.

"मेल्या माणसाचं वस्त्र तुळेत घालत नाहीत," तो म्हणाला. "जिचा नवस, तिचंच वस्त्र. ते पांघरून लेकरू बसवलं तुम्ही. मंग पोरीची माय काऊन येणार नाही? आली. पोरीले मांडीवर घेऊन बसली ते."

पंजाबरावानं गोधडीचं टोक धरलं.

"ओढू नका," गुरव म्हणाला. "हात काढा. ओढान तं पोर संगं जाईन."

"मंग काय करू?"

"मले नाही माहीत. मी असं कधी पाह्यलं नाही." म्हातारा कंदील घेऊन मागं सरकला, पार पंजाबरावाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. "बायको तुमची हाय. तुम्हीच बोला."

पंजाबराव पोरीच्या पारड्यासमोर फरशीवर बसला. आणि मग, पोरांनो, त्यानं जे सांगितलं ते कुणी सहसा सांगत नाही. तो म्हणाला, त्या घडीला मला भीती नव्हती. मला फक्त झोप पाहिजे होती. समोर माझी बायको बसलीय, तिच्या मांडीवर पोर आहे, पोर शांत झोपलीय, कण्हत नाही. क्षणभर वाटलं, घेऊन जा म्हणावं. तुझी आहे, ने. मी इथंच आडवा होतो.

हे त्याच्या ओठावर आलं होतं.

"मनकर्णे," तो म्हणाला.

कुठं काही हललं नाही.

"मी थकलो व. तुह्यापासून काय लपवू? रातभर पोरीचं अंग चेपतो न् दिवसभर मातीत उभा राह्यतो. कधी कधी मनात येते, सुटावं एकदाचं. तिनं बी न् म्या बी."

मागं गुरवाचा कंदील फडफडला. तेल संपत आलं होतं.

"पण ताप उतरला का नाही, ते मलेच हाक मारते. पाणी मागते. भाकर कच्ची झाली म्हणून भांडते माह्यासंगं... घरात मले हाक मारणारं दुसरं कोणी नाही राह्यलं, मनकर्णे. एवढी ठेव. मी करतो तिचं. थकलो तरी करतो. तू उतर."

काही नाही.

"उतर व, माय."

कंदील विझला. गाभाऱ्यातली समई तेवढी राहिली, तिचा उजेड उंबऱ्याबाहेर जेमतेम येत होता. पोरीचं पारडं काळं दिसत होतं. त्याच्यात किती जण आहेत ते दिसत नव्हतं.

मग जोडवी वाजली.

एक पाऊल... थांबली. दुसरं... पंजाबरावाच्या अंगावरून गार वारा गेला. गुडघ्याला कापडाचा काठ लागल्यासारखं झालं. तिसरं पाऊल. मग आवाज बंद.

दाराकडं गेली, असं त्याला वाटलं.

गोधडी सैल झाली. पोरीची मान कलली. पारडं मात्र जागचं हललं नव्हतं. पंजाबराव श्वास धरून बसला. गुरव मागं काहीतरी पुटपुटत होता, तोही थांबला.

तुळई करकरली.

अंधारात गुळाचं पारडं खाली जायला लागलं. हळू. अगदी हळू. आणि शालूचं पारडं फरशी सोडून वर आलं, बोटभर, वीतभर, बसलेल्या पंजाबरावाच्या छातीइतकं. झोका धरल्यासारखं ते तिथं स्थिर राहिलं.

"झाली," गुरव म्हणाला. "तूळ झाली. घ्या पोरीले."

पंजाबरावानं तिला उचललं. नेहमीएवढीच होती, फुलाएवढी. गोधडी त्यानं पारड्यातच सोडली आणि आपल्या धोतराचा सोगा काढून तिच्याभोवती गुंडाळला. उचलताना तिच्या ओठातून दात निसटला आणि फरशीवर टिचकन वाजला. दोघांनीही तो शोधला नाही. मंडपाच्या दाराशी पंजाबराव पोरीला घेऊन बसला आणि बसल्या जागी झोपला. चार महिन्यांनंतर पहिल्यांदा तो असा झोपला की गुरवानं अंगावर घोंगडं टाकलं तेही त्याला कळलं नाही.

जागा झाला तेव्हा उजाडलं होतं. शालूचं अंग घामानं भिजलं होतं आणि ताप उतरला होता. तिला भूक लागली होती. दात पडलेल्या तोंडानं ती काय म्हणते ते समजेना, म्हणून ती चिडली. पंजाबराव हसला आणि मग हसता हसता बराच वेळ रडला.

तुळेचा गूळ तिथंच फोडून वाटायचा असतो. पौषातला गूळ तो, दगडासारखा. बत्त्याशिवाय फुटत नाही. गुरव बत्ता घेऊन उजव्या पारड्याशी बसला. ढिगावरची सगळ्यात वरची भेली त्यानं हातात घेतली, बत्ता उचलला, आणि उचललेला हात तसाच खाली घेतला.

"भाऊ, इकडं या."

भेलीत हात उमटला होता. चार बोटं, अंगठा, तळव्याची टाच. खोल. ओल्या मातीत भार देऊन दाबावा तसा, वरून खाली दाबलेला.

रात्री त्या पारड्याजवळ कुणी नव्हतं. गुरव पंजाबरावाच्या पाठीशी होता आणि पंजाबराव पोरीच्या समोर. गुरवानं आपला हात त्या ठशावर ठेवून पाहिला. मोठा झाला. पंजाबरावाचा तर बोटाबोटांनी बाहेर आला. पारडं खाली गेलं होतं ते कुणी पोरीला मांडीवरून उतरवून उठून गेल्यामुळं नव्हतं. जाताना तिनं ते आपल्या हातानं दाबलं होतं...

तापानं पायात बळ नसलेली शालू रांगतच आली. तिनं भेलीकडं पाहिलं आणि काही न विचारता आपला पंजा त्या ठशात ठेवला. तिचा हात त्यात मावून भोवती जागा उरली. तिनं तो काढला नाही. दोघांपैकी कुणीही तिला काढ म्हणालं नाही. ऊन मंडपाच्या पायरीवर येईस्तोवर ती तशीच बसून होती.